वाईनच्या धंद्यातला बहुधंदी माणूस

आटणी, तार, जोडकाम, पॉलिश आणि शेवटी परगावची विक्री. यातली दोन-चार कामे ज्याच्या हाताखालून गेली आहेत, तो माणूस पेढी सांभाळताना सहसा फसत नाही, हे आपण हुपरीकर लहानपणापासून पाहत आलो आहोत. महाराष्ट्रातल्या वाईन उद्योगाचा इतिहास वाचताना मला हीच गोष्ट पुन्हा दिसली.

या उद्योगाचा पाया 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगाव परिसरात घातला. फ्रेंच तंत्रज्ञांची मदत घेऊन त्यांनी तयार केलेली फेसाळ वाईन परदेशातही गेली. पुढे त्यांची इंडेज कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली बुडाली. पण इथल्या द्राक्षापासून जगाला विकता येईल असा माल होतो, हे तिने दाखवून दिले होते.

दुसरे नाव राजीव सामंत यांचे. मुंबईचा हा तरुण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकला. ओरॅकल या संगणक कंपनीत त्याने नोकरी केली आणि 1990 च्या दशकात ती सोडून नाशिकला वडिलांच्या जमिनीवर आला. आधी आंबा लावून पाहिला, मग खाण्याची द्राक्षे. वाईनचा विचार त्यानंतरचा. कॅलिफोर्नियातले वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांना सोबत घेऊन 1997 च्या सुमारास सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड झाली. आई सुलभाताईंच्या नावावरून कंपनीचे नाव पडले ‘सुला’. तिची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली.

आता हिशेब मांडू. द्राक्ष वर्षातून एकदा येते, वाईन मात्र बारा महिने विकायची असते. तोवर भांडवल टाक्यांत अडकून पडते. इथे पैशाचे शिक्षण कामी येते. शेतकऱ्याशी वर्षानुवर्षांचा करार करायचा, तर छाटणी, औषध, अवकाळी पाऊस स्वतः भोगलेला असावा लागतो. आणि वाईनची सवय नसलेल्या देशात ती विकायची, तर ती सहज पिणारा समाज डोळ्यांनी पाहिलेला असावा लागतो. वरवर तुटक दिसणारी वर्षे एकाच कामात अशी जोडली गेली, असे मला वाटते.

अर्थात एकट्याच्या कर्तबगारीने उद्योग उभा राहत नाही. राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, करात सवलत दिली. नाशिकजवळ विंचूर आणि आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाईन पार्क झाले. डिसेंबर 2022 मध्ये ‘सुला’ शेअर बाजारात नोंदली गेली. शिवाय सामंतांच्या पाठीशी घरची जमीन होती, मोठे शिक्षण होते; पडले तर सावरायला आधार होता. तो सगळ्यांना नसतो, हेही नोंदवले पाहिजे.

तरीही आपल्या बॅचमधल्या ज्या मित्रमैत्रिणींनी चांदीकाम, कारखान्यातली नोकरी, शेती, दुकान असे तीन-चार उंबरे ओलांडले, त्यांनी ती वर्षे वाया गेली असे म्हणू नये. आणि ज्यांच्या घरात आज एखादा मुलगा वा मुलगी नोकरी सोडून दुसरे काही करू पाहत असेल, त्यांनी ‘एका जागी टिकत नाही’ असा शिक्का मारण्याआधी एवढेच विचारावे: मागच्या कामातून तू काय शिकून निघालास? उत्तर ठाम असेल, तर त्याला वाट द्यावी.