भारताचा सतरा वर्षांखालील महिला फुटबॉल संघ

भारताचा सतरा वर्षांखालील महिला फुटबॉल संघ : आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा मुलींचा कुमार गटातील संघ. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ त्याची निवड व व्यवस्था पाहतो. फिफाची सतरा वर्षांखालील महिला विश्वचषक स्पर्धा, आशियाई फुटबॉल महासंघाची याच गटातील अजिंक्यपद स्पर्धा आणि दक्षिण आशियाई (सॅफ) स्पर्धा या त्याच्या मुख्य स्पर्धा होत. वयोमर्यादेमुळे हा संघ दर दोन वर्षांनी जवळजवळ पूर्ण बदलतो, त्यामुळे त्याच्या इतिहासात सलगता अशी थोडीच. एका तुकडीचे यश वा अपयश पुढच्या तुकडीच्या नावावर मांडणे अन्यायाचे ठरते.

या गटातील पहिली आशियाई स्पर्धा २००५ मध्ये दक्षिण कोरियात झाली. तीत भारत खेळला, तेव्हा पात्रता फेऱ्या नव्हत्या. त्या सुरू झाल्यावर मुख्य स्पर्धेचे दार पुन्हा उघडायला वीस वर्षे लागली. मधल्या काळात शालेय मुलींसाठी देशभर नियमित लीग नव्हती, आणि प्रौढ महिलांची राष्ट्रीय लीगसुद्धा २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. जपान आणि उत्तर कोरियाच्या मुली याच वयात वर्षभर सामने खेळत असताना भारतीय मुली शिबिरापुरत्या एकत्र येत. मैदानावरच्या फरकाचे मूळ येथे आहे.

विश्वचषकाचे यजमानपद भारताला प्रथम २०२० सालासाठी मिळाले. स्वीडनला २०११ च्या महिला विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून देणारे थॉमस डेनरबी संघाचे प्रशिक्षक झाले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर स्वीडन आणि थायलंडच्या मुलींबरोबर तिरंगी स्पर्धाही खेळवण्यात आली. पुढे कोरोनाची साथ आली. स्पर्धा आधी २०२१ वर ढकलली गेली आणि अखेर रद्द झाली. भारताला भरपाई म्हणून २०२२ चे यजमानपद मिळाले, पण १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या ज्या मुलींनी तयारी केली होती त्यांतल्या बहुतेक तोवर वयात बसत नव्हत्या. ज्या विश्वचषकासाठी त्यांनी घर सोडले, तो त्यांना खेळायलाच मिळाला नाही. संघाच्या इतिहासात या तुकडीची आठवण क्वचित काढली जाते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

नव्या तुकडीची सुरुवात चांगली झाली. मार्च २०२२ मध्ये जमशेदपूरला झालेल्या अठरा वर्षांखालील सॅफ स्पर्धेत याच वयाच्या मुलींनी बांगलादेश व नेपाळ यांना मागे टाकून विजेतेपद मिळवले. बांगलादेशशी गुण सारखे असल्याने निर्णय गोलफरकावर झाला. मणिपूरची लिंडा कोम सर्टो सर्वाधिक गोल करणारी खेळाडू ठरली. जूनमधल्या इटली दौऱ्याने मात्र खरे अंतर दाखवून दिले : यजमान इटलीकडून ०–७, चिलीकडून १–३ असे पराभव झाले. त्याच उन्हाळ्यात युरोप दौऱ्यावर असताना एका सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला. त्याला मायदेशी परत बोलावून पदावरून दूर करण्यात आले. अल्पवयीन मुलींच्या संघात ही गोष्ट घडावी, तीही विश्वचषकाला काही महिने उरले असताना, यातून त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था किती कच्ची होती हे उघड झाले. ऑगस्टच्या मध्यास फिफाने महासंघाच्या कारभारातील बाहेरील हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतालाच निलंबित केले, आणि यजमानपद हातचे जाते की काय अशी वेळ आली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती बरखास्त झाल्यावर महिना संपण्याआधी निलंबन उठले. मुलींचा सराव या सर्व काळात सुरूच होता.

विश्वचषकासाठी निवडलेल्या एकवीस जणींपैकी निम्म्याहून अधिक झारखंड आणि मणिपूर या दोन राज्यांतल्या होत्या. महाराष्ट्रातून पुण्याची आघाडीची खेळाडू काजोल डिसूझा संघात होती. कर्णधार अस्तम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या गावाकडे जाणारा रस्ता तिच्या निवडीनंतर बांधायला घेतला गेला आणि त्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीवर राबत होते, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून देशभर कळले. कौतुकाच्या सुरात छापलेली ती बातमी खरे तर प्रशासनाविषयी जास्त सांगत होती.

स्पर्धा ११ ते ३० ऑक्टोबर २०२२ या काळात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. भारत, मोरोक्को आणि टांझानिया या तिघांचा हा पहिलाच विश्वचषक होता. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळालेल्या भारताच्या गटात अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील आले. भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाले. पहिल्या सामन्यात अमेरिकेने मध्यंतरापर्यंतच पाच गोल केले आणि सामना ०–८ असा संपला. आठवा गोल करणारी मिया भूटा भारतीय वंशाची होती.

दुसरा सामना वेगळा होता आणि धावफलकावरून त्याची कल्पना येत नाही. मोरोक्कोविरुद्ध भारतीय बचावफळी पूर्वार्धभर टिकली, मध्यंतराला गोलफलक कोराच होता. पन्नासाव्या मिनिटाला पेनल्टीवर पहिला गोल बसला, मग दुसरा, आणि तिसरा भरपाई वेळेत. ०–३. तीन दिवसांपूर्वी आठ गोल खाल्लेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनी इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर पुन्हा उभे राहणे ही या मोहिमेतली सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल. ब्राझीलने अखेरच्या सामन्यात ५–० असा विजय मिळवला. त्यातले शेवटचे दोन गोल सामना संपता संपता झाले. तीन सामन्यांत सोळा गोल खाऊन आणि एकही न करता भारत गटात चौथा राहिला. पाच वर्षांपूर्वी मुलांच्या विश्वचषकात जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केलेल्या गोलसारखा एखादा क्षण मुलींच्या वाट्याला आला नाही.

यजमान संघ बाहेर पडल्यावर स्पर्धेचा उत्तरार्ध गोवा आणि महाराष्ट्रात रंगला. दोन्ही उपांत्य सामने फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवून सलग दुसरे विजेतेपद मिळवले. तो एकमेव गोलही स्वयंगोल होता. स्पेनची विकी लोपेझ आणि कोलंबियाची लिंडा काइसेडो यांना प्रत्यक्ष खेळताना पाहण्याची संधी मराठी प्रेक्षकांना याच स्पर्धेने दिली.

दक्षिण आशियात भारताची खरी स्पर्धा बांगलादेशशी आहे. २०१८ आणि २०१९ च्या पंधरा वर्षांखालील सॅफ स्पर्धा भारताने थिंफूमध्ये बांगलादेशला हरवून जिंकल्या, दुसरी पेनल्टी शूटआउटवर. २०२४ मध्ये नेपाळमध्ये सोळा वर्षांखालील अंतिम सामना बांगलादेशने तशाच शूटआउटवर जिंकला. ऑगस्ट २०२५ मध्ये थिंफूला चार संघांच्या दुहेरी साखळीत भारताने एक सामना राखून विजेतेपद निश्चित केले. शेवटचा सामना बांगलादेशने ४–३ असा घेतला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, संघाने आजवरचा सर्वांत महत्त्वाचा विजय मिळवला. पुन्हा एका स्वीडिश प्रशिक्षकाच्या, जोआकिम अलेक्झांडरसन यांच्या, मार्गदर्शनाखाली आशियाई स्पर्धेच्या बिश्केकमधील पात्रता गटात भारताने किर्गिझस्तानला २–१ असे हरवले. उझबेकिस्तानविरुद्ध बरोबरी पुरणार नव्हती, जिंकणे भाग होते. अडतिसाव्या मिनिटाला उझबेकिस्तानने आघाडी घेतली. प्रशिक्षकांनी मध्यंतराची वाट न पाहता बदली खेळाडू म्हणून तांडामोनी बास्केला उतरवले. पंचावन्नाव्या मिनिटाला तिने बरोबरी साधली आणि सहासष्टाव्या मिनिटाला अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. पात्रता फेरीतून आशियाई स्पर्धेत पोहोचणारा हा भारताचा या गटातला पहिला संघ. २०२२ च्या विश्वचषकातला प्रवेश यजमानपदाने दिला होता. हा मुलींनी खेळून मिळवला.

२०२२ च्या तुकडीतल्या खेळाडूही थांबल्या नाहीत. लिंडा कोम वरिष्ठ संघापर्यंत पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये यांगूनला म्यानमारवर १–० असा विजय मिळवून वीस वर्षांखालील आशियाई स्पर्धेचे तिकीट काढणाऱ्या संघाची कर्णधार शुभांगी सिंग होती आणि गोलपोस्टमध्ये मोनालिशा देवी. दोघीही भुवनेश्वरच्या त्या संघातल्या.