गोवर

विषाणूमुळे होणारा, मुख्यतः बालवयातील अतिसंसर्गजन्य रोग. खोकला-शिंकांतून पसरलेला विषाणू बंद जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. संसर्गानंतर साधारण 10 ते 12 दिवसांनी ताप, सर्दी, खोकला सुरू होतो, डोळे लाल होतात. गालाच्या आत, दाढांसमोर, मिठाच्या कणांएवढे पांढरट ठिपके उमटतात. हेन्री कॉप्लिक यांनी 1896 मध्ये वर्णिलेले हे ठिपके चांगल्या उजेडात तोंड तपासल्याशिवाय सापडत नाहीत. मग पुरळ कानांमागून व कपाळावरून अंगभर उतरते. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच रुग्णाकडून संसर्ग होतो.

साथींचा अभ्यास : डेन्मार्कच्या अखत्यारीतील फेरो बेटांवर 1781 नंतर 65 वर्षे गोवर नव्हता. 1846 मध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पोहोचला आणि सुमारे 7,800 वस्तीपैकी 6,000 हून अधिक लोकांना झाला. पाहणीसाठी गेलेला तरुण डॉक्टर पीटर पानुम गावोगाव फिरला. कोण कोणाला कधी भेटले याच्या नोंदींवरून त्याने संसर्ग ते पुरळ हा 13-14 दिवसांचा काळ निश्चित केला. 1781 मध्ये गोवर येऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही, हे त्याचे निरीक्षण आजीवन प्रतिकारशक्तीचा भक्कम पुरावा ठरले. साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याचा अहवाल मुळातून वाचावा.

गुंतागुंत : न्यूमोनिया, अतिसार, अंधत्व, मेंदूज्वर. कुपोषित बालकांत मृत्यूचा धोका मोठा.

उपचार : विषाणूवर खास औषध नाही, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा, द्रव व पोषण द्यावे.

प्रतिबंध : जॉन एंडर्स व टॉमस पीबल्स यांनी 1954 मध्ये विषाणू वेगळा केला, अमेरिकेत लस 1963 मध्ये आली. भारतातील सार्वत्रिक कार्यक्रमात गोवर-रुबेला लस 9 ते 12 व 16 ते 24 महिन्यांच्या वयात देतात. साथ रोखण्यासाठी सुमारे 95 टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक मानतात. भुकटीत द्रावक मिसळल्यावर कुपी चार तासांतच वापरावी लागते. तरीही सत्राला एकच बालक आले तर कुपी उघडावीच. वाया जाणाऱ्या मात्रांपेक्षा परत गेलेले मूल महाग पडते.

मुंबईत 2022 च्या अखेरीस गोवंडीसह दाट वस्त्यांत साथ उद्भवली व बालमृत्यू झाले. कोविडकाळात हुकलेले लसीकरण हे त्याचे एक कारण मानले जाते. त्यानंतर केंद्राने साथग्रस्त भागांत 9 महिने ते 5 वर्षांच्या बालकांना जादा मात्रा देण्याचा विचार करावा, असे राज्यांना सुचवले.