कोल्हापुरीचा भाव

बाराव्या शतकात, बसवण्णांच्या कल्याण नगरीत, हरळय्या नावाचे एक चर्मकार शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, राहत होते. कथा अशी सांगतात, की वाटेत भेटलेल्या बसवण्णांना त्यांनी एकदा ‘शरणु’ म्हटलं आणि बसवण्णांनी उलट दोनदा ‘शरणु शरणार्थी’ म्हणत हात जोडले. हे वरचं ऋण फेडायचं कसं, या विचाराने हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांड्यांचं कातडं काढून बसवण्णांसाठी चपलांचा जोड शिवला. बसवण्णांनी तो पायात घातला नाही, मस्तकी लावला. पुढे हरळय्यांच्या मुलाचा मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी विवाह झाला, तेव्हा बिज्जल राजाने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला आणि कल्याण पेटलं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडे अथणी, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात चपला करणारी घरं आजही हरळय्यांचं नाव घेतात. कातडं कमावणारा ढोर समाज संत कक्कय्यांचं नाव घेतो. तेही बसवण्णांच्याच मेळ्यातले शरण. ज्या पट्ट्याने चपलेला इतक्या उंचीवर नेऊन ठेवलं, त्याच पट्ट्यात ती करणाऱ्याच्या हातावर मात्र शतकानुशतकं फार थोडं पडलं. मिलानच्या प्राडा या फॅशन कंपनीच्या ८०० युरोंच्या कोल्हापुरीची चर्चा २०२५ला झाली, तेव्हा ‘एवढे पैसे द्यावेत का’ हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. त्याचं उत्तर शोधायचं तर मिलानच्या आधी कोल्हापूरचा हिशेब मांडावा लागतो.

जुन्या गावगाड्यात वहाणेला भावच नव्हता. चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याच्या घरच्या वहाणा करायच्या, तुटल्या तर शिवायच्या, झिजल्या तर तळ घालायचा, आसूड आणि चामड्याच्या वाद्या द्यायच्या, आणि सुगीला खळ्यावरून आपल्या वाट्याचं धान्य उचलायचं. पीक बुडालं की बलुतंही बुडालं. कितीतरी गावांत ज्याने वहाणा शिवल्या त्याला त्या पायात घालून वरच्या आळीतून जायची मुभा नव्हती. हातात धरून जावं लागे. कोल्हापुरीच्या इतिहासातली ही बाजू दुकानाच्या पाटीवर कधी येत नाही, पण आजचा भाव समजून घ्यायला तीच सगळ्यात उपयोगी आहे. ज्या कामाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या पैशात मोजलीच गेली नाही, त्या कामाचा रोख भाव ठरवायची वेळ आली तेव्हा तो आधीच पडलेला होता.

तेव्हा ‘कोल्हापुरी’ असं एकच नावही नव्हतं. कापशीची ती कापशी. शिवाय पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. शेतात, मुरमाड रानात, काट्याकुट्यात चालायची ही वहाण जाडजूड असे; काही जोड दोन किलोंपर्यंत भरत. हौशी माणूस तळाच्या थरांमध्ये विंचू नावाच्या झाडाची बी घालून घेई, म्हणजे चालताना करकर आवाज येई. पैलवान तालमीतून निघाला हे गल्लीला आधी ऐकू येई आणि मग दिसे.

कोल्हापुरीचं अर्धं काम चप्पल शिवायला बसण्याआधीच झालेलं असतं. कच्चं कातडं चुन्याच्या निवळीत भिजवायचं, केस आणि मांस खरवडून काढायचं, पुन्हापुन्हा धुवायचं. मग बाभळीची साल आणि हिरडा यांचा अर्क. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पखालीसारखी पिशवी शिवून तिच्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरत आणि ती टांगून ठेवत; अर्क आतून बाहेर पाझरत राही, पिशवी उलटी करून पुन्हा भरली जाई. यात आठवड्यांमागून आठवडे जातात. क्रोमच्या क्षाराने हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघालेली ही पद्धत २०व्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमार्गे आपल्याकडे आली आणि जगाचा बहुतेक चामडेधंदा तिने व्यापला. पण क्रोमचं कातडं मऊ आणि लवचिक, तर सालीचं कातडं घट्ट, भरीव. सालीचं कातडं घाम शोषतं, पायाच्या वजनाने हळूहळू दबत जातं आणि त्या एकाच माणसाच्या तळव्याचा साचा धरतं. बिनअस्तराच्या, उघड्या, सपाट चपलेला तेच लागतं.

यानंतर आरी आणि रापी हातात येतात. तळाचे थर, टाच, मधला पट्टा, अंगठा, दोन बाजूंचे कान. तळ चामड्याच्याच वादीने शिवायचा, खिळा मारायचा नाही. पट्ट्यावरची वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. बकरीच्या पातळ कातड्याच्या बारीक पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापणं आणि त्या एकसारख्या ताणात विणणं हे डोळ्यांचं काम आहे, आणि मजुरी वाटताना ते नेहमी सगळ्यात शेवटी मोजलं जातं. कोल्हापुरातल्या सुभाषनगर आणि जवाहरनगरच्या घरांतून हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. भवानी मंडपाजवळची चप्पल लाइन त्या घरांचा माल विकते.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात, या धंद्याला पहिल्यांदा राजाचा हात मिळाला. त्यांनी कातडं कमावण्याच्या कामाला उत्तेजन दिलं. शिवाय २६ जुलै १९०२ला मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकरीत ५० टक्के जागा राखल्या, खासबाग मैदान बांधलं, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हॉटेलात स्वतः चहा घेतला. कारागिराच्या कामाला प्रतिष्ठा हवी असेल तर आधी कारागिराला हवी, ही समज त्या सगळ्यात होती. चपलेच्या पुढच्या इतिहासात ती पुन्हा इतक्या स्पष्टपणे कुठेच दिसत नाही.

१९२०च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर घराण्याने जाड वहाणेला फाटा देऊन पातळ, दोन कानांची घडण बसवली. ती ‘कानवाली’ म्हणून ओळखली गेली. तिचा नमुना मुंबईच्या जे. जे. अँड सन्स या दुकानात गेला, मागणी आली, आणि मागणी पुरवायला दुसऱ्या कारागिरांना हे काम शिकवलं गेलं. रानातली वहाण शहरातली चप्पल झाली ती अशी. आज ज्याला जग कोल्हापुरी म्हणतं ती चप्पल फार प्राचीन नाही. जुन्या हातांनी शहरासाठी केलेली ती एक नवी फॅशनच होती. परंपरेचा अभिमान सांगताना हे विसरायला नको. डिझाइन बदलणं हा या धंद्याला लागलेला डाग नाही, त्याच्या जगण्याची ती रीतच आहे. १९६०-७०च्या दशकांत हिप्पी मंडळींनी तिला युरोप-अमेरिकेत नेलं, तीही हलकी, स्वस्त, उन्हाळी चप्पल म्हणून. तिथेही भाव वाढला नाही, फक्त खप वाढला.

आणि खप वाढला की नक्कल येते. रेक्झिनचा पट्टा, पुठ्ठ्याचा भराव, खिळे आणि सोल्यूशन. वर कोल्हापुरीचा घाट. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा तो जोड एका पावसात सुटतो आणि बदनामी कोल्हापूरची होते. कच्च्या मालाची अडचण त्याच काळात वाढत गेली. २०१५ला महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं कातडं कायद्याने खुलं राहिलं, पण ने-आण करणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली, कातडं महागलं आणि बाहेरून मागवावं लागू लागलं. कमावणीच्या स्थानिक टाक्या कमी होत गेल्या. सालीचं कातडं मिळेना तेव्हा कित्येकांनी क्रोमचं वापरलं. गिऱ्हाइकाला फरक कळत नव्हता, आणि समजावून सांगायला दुकानदाराला वेळ नव्हता.

२०१९ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. अर्ज महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर या दोघांनी मिळून केला होता; त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना हे नाव वापरण्याचा हक्क आला. कोल्हापुरात काहींना हे रुचलं नाही. पण इतिहास पाहिला तर निर्णय योग्यच होता. अथणीच्या कारागिरांनी कितीतरी वर्षं कोल्हापूरच्या बाजारासाठी माल केला, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या बायकांचे बचत गट ‘टोहोल्ड’ या नावाखाली थेट परदेशात चपला पाठवू लागले. हरळय्यांना तरी सीमा कुठे होती?

जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये अंगठ्याच्या, वेणीच्या चपला दाखवल्या आणि त्यांना नुसतं ‘चामड्याच्या सँडल’ म्हटलं. कोल्हापुरात संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं, प्राडाचे लोरेंझो बर्टेली यांनी उत्तरात प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, जुलैत कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या घरी बसली. मुंबई उच्च न्यायालयातली प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली गेली. परदेशी ब्रँडने इकडची चप्पल आपल्या नावाने काढणं पहिल्यांदाच घडत नव्हतं. २०१४ला पॉल स्मिथ या ब्रिटिश डिझायनरने पेशावरी चप्पल ‘रॉबर्ट’ नावाने ३०० पौंडांना काढली होती आणि ओरड झाल्यावर वर्णनात पेशावरचा उल्लेख घातला होता. कोल्हापूरच्या बाबतीत गोष्ट पुढे गेली. डिसेंबर २०२५मध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार जाहीर झाला: सुमारे २,००० जोड महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून, जोडीला साधारण ८०० युरो, म्हणजे ८०,००० रुपयांच्या वर; फेब्रुवारी २०२६पासून ४० दुकानांत आणि ऑनलाइन विक्री; शिवाय कारागिरांसाठी प्रशिक्षण.

मग ८०० युरो द्यावेत का? अंगावरच्या महागड्या कपड्यांच्या बाबतीत एक जुनं उदाहरण इथे कामाला येतं. सायकल शर्यतीतल्या युरोपीय स्वारांच्या चड्डीत पूर्वी खऱ्या शॅमॉयचं, म्हणजे एका रानबकऱ्याचं, मऊ कातडं शिवलेलं असे. धुतल्यावर ते कडक होई, म्हणून स्वार त्याला मलम चोळून मऊ करत. १९५८ला लायक्रा धागा निघाला, १९७०च्या दशकात स्विस आणि इटालियन शिंप्यांनी तो सायकलीच्या चड्डीला लावला, कातड्याची जागा पुढे कृत्रिम गादीने घेतली. २००४ला लंडनमध्ये सुरू झालेल्या राफासारख्या कंपन्यांनी त्या कपड्यांना उंची फॅशनचा भाव दिला. आज पन्हाळ्याचा चढ चढणाऱ्या कोल्हापूरच्या स्वारालाही हाच प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर सरळ आहे. चांगली गादी, नीट बेतलेला कट आणि घाम सोडणारं कापड यांचे पैसे शंभर किलोमीटरनंतर शरीर वसूल करतं. त्यापुढची रक्कम नावाची. ती ज्याला परवडते त्याने द्यावी, पण ती गुडघ्यापर्यंत पोचत नाही.

कोल्हापुरीला हाच नियम लावला तर ८०० युरोंतली फार मोठी रक्कम नावाची, दुकानाच्या भाड्याची आणि जाहिरातीची आहे. तळव्याला ती कळणार नाही. पण दुसऱ्या टोकाचा भावही तितकाच खोटा आहे, आणि त्याबद्दल कोल्हापूर-पुणे-मुंबईचा गिऱ्हाईक स्वतःला कधी विचारत नाही. चप्पल लाइनवर हजार-बाराशेच्या जोडीसाठी दोनशे रुपये कमी करून घेणारा माणूस नेमके कुणाचे दोनशे कमी करतो? दुकानाचं भाडं घटत नाही, कातड्याचा दर घटत नाही. घटते ती वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी. दोन हजार जोडांचा एक करार सोळा लाख युरोंची उलाढाल करू शकतो, ही बातमी वाचून ज्याला राग आला, त्याने आपल्या घासाघिशीचाही थोडा राग धरायला हवा.

सालीने कमावलेल्या कातड्याची, वादीने शिवलेली खरी चप्पल दोन-तीन हजार किंवा त्याहून जास्त मागत असेल, तर ते पैसे देण्यासारखे आहेत. ती पहिले काही दिवस चावते. तिला एरंडेल किंवा खोबरेल तेल पाजावं लागतं, पावसाळ्यात पुसून, तेल लावून माळ्यावर ठेवावी लागते, झिजली तर तळ बदलून मिळतो. अशी सांभाळली तर ती वर्षानुवर्षं टिकते, आणि दर पावसाळ्यात नवा नकली जोड घेणाऱ्याचा खर्च तेवढ्यात तिच्या पुढे गेलेला असतो.

अडचण खरेपणा ओळखण्याची आहे. २०२५मध्ये संत रोहिदास महामंडळाने जोडीवर क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली; तो मोबाइलवर वाचला की करणारा कारागीर, जिल्हा आणि कच्चा माल यांची माहिती मिळते. हे चांगलं पाऊल आहे, पण ज्या जोडावर कोड नसतो त्याच्याबद्दल दुकानात दोन प्रश्न विचारता येतात: कातडं कशाने कमावलं आहे, आणि तळ कशाने शिवला आहे. कापलेल्या कडेचा रंग सालीच्या कातड्यात आरपार तपकिरी असतो. क्रोमच्या कातड्याची कड आतून बहुधा निळसर-करडी दिसते. हे तपासायला कुणाचीही हरकत नसते. खऱ्या मालाच्या दुकानदाराला उलट आनंद होतो, आणि तो आतल्या फळीवरचा जोड काढून दाखवतो.

प्राडाच्या कराराने शिवणाऱ्या हातांची दखल घेतली. कमावणाऱ्या हातांचं काय, हे अजून उरलं आहे. बाभळीची साल, हिरडा, पाणी, सांडपाण्याची सोय आणि निर्धास्तपणे मिळणारं म्हशीचं कातडं, एवढं जमलं तर कोल्हापूरच्या टाक्या पुन्हा भरतील. ते जमलं नाही तर कोल्हापुरी चपलेचं कातडं दुसरीकडून येत राहील आणि कोल्हापुरात उरेल ती फक्त शिलाई. महामंडळ, दोन राज्यांची सरकारं आणि गिऱ्हाईक या तिघांनाही यासाठी पैसे मोजावे लागतील. गिऱ्हाइकाचा वाटा त्यात सगळ्यात लहान आहे, आणि तो भरायला त्याला कुणाच्या कराराची वाट पाहायची गरज नाही.