शह, काटशह आणि प्रतिकार

‘प्रतिकारशक्ती वाढवा,’ असे कॅन्सर झालेल्या माणसाला जो भेटतो तो सांगतो. कोणी गुळवेल सुचवतो, कोणी हळद. वाढवायची ती वस्तू नेमकी काय, हे पाहायला मी कोश काढून बसलो. सलाईन लागलेले असताना एका हाताने पाने उलटता येतात. (रोगाच्या नावात फार गुंतत नाही. ग्रीक ‘कार्किनोस’, अरबी ‘सरतान’, आपला ‘कर्क’, सगळीकडे खेकडाच. ‘कर्कटी’वरून आपली काकडीही आली, तिचा यात काही दोष नाही.)

संस्कृतात ‘प्रतिकार’, किंवा दीर्घ ‘प्रतीकार’, म्हणजे उलटफेड, सूड. पण तितकाच रुळलेला दुसरा अर्थ उपाय, चिकित्सा. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात विकार कळल्याविना प्रतीकाराला हात कसा घालावा, अशी शंका सखी काढते, तेव्हा तिच्या मनात उपचारच आहे. म्हणजे जुना प्रतिकार वैद्य करीत असे. शरीराने तो स्वतःकडे घेतला तो ‘इम्युनिटी’ला प्रतिशब्द हवासा झाल्यावर, असे दिसते.

इम्युनिटीची कुळकथा तर दप्तरखान्यातली. लॅटिन ‘म्यूनुस’ म्हणजे नगराची सेवा, देणे, कर्तव्य; ज्याला त्यातून सूट तो ‘इम्यूनिस’. आपल्याकडची इनाम जमीन या अर्थाने इम्यून म्हणायला हरकत नाही! अरबांनी या गुणाला ‘मनाआ’ म्हटले. त्यातला धातू रोखण्याचा, आणि आपली ‘मनाई’ त्याच घरची. फारसीत मात्र ‘ईमनी’. कानाला फसून तिचे इम्युनिटीशी नाते जोडू नये; ती ‘अमन’, ‘इमान’, ‘अमानत’ यांची बहीण असावी. तेव्हा रोमनांकडे माफी, अरबांकडे मनाई, इराण्यांकडे निर्धास्तपणा. लढाई यांतल्या कोणाच्याच मुळाशी नाही.

आपल्याकडे चरकाचा शब्द आहे ‘व्याधिक्षमत्व’. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने त्याची फोड केली ती अशी : व्याधीच्या बळाला विरोध आणि व्याधी उपजण्याला प्रतिबंध. टीकाकार जरा कुस्तीच्या पवित्र्यात गेला आहे. मूळ धातू ‘क्षम्’, सोसणे. क्षमा आणि क्षमता दोन्ही त्याच्याच. योगायोग असा की ‘पेशंट’ हा शब्दही सोसण्याच्याच लॅटिन धातूवरून आला आहे. आणि हे निव्वळ शब्दांचे खेळ नव्हेत. आपल्याच पेशींना मुकाट सोसणे, ज्याला शास्त्रात ‘टॉलरन्स’ म्हणतात, हे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचे अर्धे काम आहे. ते सुटले की ती आतड्यांवर, थायरॉईडवर, सांध्यांवर उठते. या यंत्रणेमार्फत कॅन्सरवर चालणाऱ्या नव्या औषधांचे दुष्परिणाम बरेचसे याच जातीचे असतात. नुसतेच ‘वाढवा, वाढवा’ म्हणणाऱ्यांपेक्षा चरक मला म्हणूनच जवळचा वाटतो.

ही नवी औषधे शक्ती वाढवत नाहीतच. प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी बेफाम होऊ नयेत म्हणून त्यांच्या अंगावर काही रोधक रेणू असतात. कॅन्सरची गाठ त्यांचाच फायदा घेऊन टी-पेशींना जागच्या जागी थोपवते. औषध तो रोध हटवते. या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चे नोबेल मिळाले. औषधांचे नाव ‘चेकपॉइंट इनहिबिटर’, आणि इथे माझ्यातला कोशबहाद्दर सलाईनसकट उठून बसला. कारण हे इंग्रजी ‘चेक’ जुन्या फ्रेंचमधून, अरबीतून मागे मागे जात थेट फारसी ‘शाह’ला भिडते. बुद्धिबळाच्या पटावर राजाला दिलेली ती हाक. तिचा अर्थ पुढे अडवणे झाला, मग तपासणे, मग चेकपॉइंट म्हणजे नाका. मराठीने ‘शह’ म्हणून ती जवळजवळ मूळ रूपात जपली. गाठ टी-पेशीला शह देते; त्यावर औषध देते तो आपला ‘काटशह’. यापेक्षा नेटका प्रतिशब्द परिभाषाकारांना बसूनही सुचला नसता.

शहामागून ‘मात’ येतेच. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’, अरबी ‘माता’ या क्रियापदावरून, अशी व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. पण फारसीत ‘मात’ म्हणजे थिजलेला, हतबल, आणि हाच अर्थ अधिक मूळचा असावा. पटावर राजा कधी मरत नाही. त्याला हलायला घर उरत नाही, इतकेच. नेमका हाच घोटाळा होन्जोंच्या रोधक रेणूच्या नावात आहे. 1992 मध्ये त्यांच्या क्योतोच्या प्रयोगशाळेत तो सापडला तो पेशींच्या मरणाशी संबंधित जनुके शोधताना; म्हणून नाव पडले ‘प्रोग्रॅम्ड डेथ-1’, पीडी-1. पुढे कळले की त्याचे मुख्य काम मारण्याचे नाही, आवरण्याचे आहे. गाठीतल्या पुष्कळ टी-पेशी मेलेल्या नसतात, थकून थिजलेल्या असतात. काटशह लागू पडतो तो त्यामुळे. नाव मात्र बदलले नाही. माझ्या रिपोर्टवर तो ‘डेथ’ वाचून बायको दचकली, तेव्हा मी तिच्यापुढे फारसीचा कोश सरकवला.