अडत्या, कोबोल आणि दहा पैसे

माझं गाव दुधनी. अक्कलकोट तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या सीमेला लागून. आमच्या बाजार समितीत तुरीचा सौदा होतो तेव्हा एक जण कन्नडमध्ये बोलतो, दुसरा मराठीत, आणि मधला अडत्या दोन्हीकडचं सांभाळतो. भाषा कुठलीही असो, शेवटी हिशोबपट्टीवरचा आकडा दोघांनाही एकच दिसला पाहिजे. "पीएचडीत नेमकं काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की मी सांगते, संगणकातल्या अडत्यांचा अभ्यास करते.

आता जरा मागे जाऊया. १९५९ मध्ये अमेरिकेत व्यापारी हिशोबासाठी कोबोल ही भाषा ठरवली गेली. तिच्यात पैसा दशमान आकड्यांतच ठेवता येतो: किती अंक, दशांशचिन्ह कुठे, हे आधीच जाहीर करायचं. 'पॅक्ड डेसिमल' पद्धतीत एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि दहा पैसे म्हणजे बरोबर दहाच पैसे राहतात. म्हणून तर बँका आणि विमा कंपन्यांनी ती उचलली.

पण कोबोलही सगळीकडे एकसारखी नव्हती. १९७४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे बरोज या अमेरिकी कंपनीचं एक काम आलं. रुग्णालयांसाठीची प्रणाली बरोजच्या एका कोबोलमधून त्यांच्याच दुसऱ्या कोबोलमध्ये न्यायची होती. हे काम झालं मुंबईत, आणि तेही आयसीएल १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर! म्हणजे या दुभाषेपणाचा इतिहास आपल्याकडे पन्नास वर्षांचा आहे.

दरम्यान दुसरा विचार वाढत होता. नॉर्वेतल्या सिम्युला ६७ पासून 'ऑब्जेक्ट' ही कल्पना आली: माहिती आणि तिच्यावरची कामं एकाच गाठोड्यात बांधायची. १९९५ मध्ये जावा आली. कंपन्यांना जावातल्या नव्या सोयी हव्या होत्या, पण वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला कोबोलचा हिशोब फेकायची हिंमत नव्हती. मग मधला मार्ग निघाला. २००१ मध्ये आयबीएमच्या एंटरप्राइझ कोबोलमध्ये 'इन्व्होक' या आज्ञेने थेट जावाच्या ऑब्जेक्टला हाक मारता येऊ लागली. २००२ च्या कोबोल मानकातही ऑब्जेक्ट आले.

हाक मारता आली, म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. खरी मेख इथेच आहे. कोबोलचा पॅक्ड डेसिमल या दारातून जसाच्या तसा पलीकडे जात नाही, कारण जावाच्या मूळ प्रकारांत त्याला जोडीदारच नाही. मग घाईत माणूस 'डबल' हा प्रकार निवडतो. तो द्विमान पद्धतीचा. त्यात ०.१ नेमकं मावत नाही, एक तृतीयांश दशांशात मावत नाही ना, तसंच.

माझ्या पहिल्या चाचणीत मी हीच चूक केली. पूल व्यवस्थित चालला, एकही त्रुटी दिसली नाही, आणि हजारो नोंदींनंतर बेरीज मात्र एका पैशाने चुकली. दोन दिवस मी कोबोलला दोष देत बसले होते! शेवटी रक्कम पूर्णांक पैशांत पाठवली आणि हिशोब जुळला. रक्कम अक्षरांच्या रूपात पाठवून जावात 'बिगडेसिमल' वापरला तरी चालतं.

एक पैसा म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण तो व्याजात शिरला आणि लाखो खात्यांवर पसरला, की कुणाचं किती देणं हे ठरवणार कोण? जुन्या प्रोग्रॅममधले पैसे पूर्णांकात आणायचे नियम बऱ्याचदा कागदावर कुठेच नसतात, फक्त त्या ओळींत असतात. आणि त्या ओळी लिहिणारी पिढी आता निवृत्त होतेय. म्हणून पूल बांधताना आधी हे नियम शोधून लिहून ठेवावेत, असं माझं म्हणणं आहे.

पटत नसेल तर जावात 'डबल' घेऊन शून्यात ०.१ दहा वेळा मिळवून बघा. उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. आमच्या बाजारात अशी हिशोबपट्टी कुणी घेणार नाही.