प्रवेशाची कसोटी

भोर संस्थानाचे पांच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड व पवनमावळ. प्रचंडगड म्हणजेच तोरणा. तो व राजगड हे दोन्ही किल्ले आजच्या वेल्ह्याच्या मुलखांत उभे आहेत. पंतसचिवांचें हें राज्य १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. तत्पूर्वीं या डोंगरांतील मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचें, तर त्याची जवळची वाट पुण्यास जात असे.

परंतु नुसतें पुणें गांठून भागत नसे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. जिला पुढें लोक ‘मॅट्रिक’ म्हणूं लागले, ती मूळची शाळेची अखेरची परीक्षा नव्हेच. ती विद्यापीठाच्या दाराची पहिली पायरी. पुढें कचेरींतील नोकऱ्याही तिच्यावरच ठरूं लागल्या आणि हा मूळ हेतु लोकांच्या विस्मरणांत गेला. पहिल्या खेपेस सव्वाशेंहून अधिक उमेदवार बसले, त्यांतून वीसबावीसच उतरले. माधवराव रानडे त्यांतलेच. १८६२ सालीं पहिले बी. ए. झाले, त्यांतही ते होते.

ही कसोटी कागदावरची, म्हणून निष्ठुर. पण तिला तोंड पाहून न्याय करतां येत नसे, हा तिचा मोठा गुण. याच्या उलट प्रकार धोंडो केशव कर्वे यांनीं अनुभवला. १८७५ च्या सुमारास ते सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यास सुमारें एकशेंदहा मैल पायीं गेले. तेथें ‘मुलगा लहान दिसतो’ एवढ्यावरूनच त्यांस बसूं दिलें नाहीं! वयाची अट त्यांनीं पुरी केली होती. दिसणें आड आलें. १८८१ सालीं तेच कर्वे मॅट्रिक झाले. कागदानें त्यांची उंची विचारली नाहीं.

मावळांतल्या मुलाला मात्र याच आंधळेपणाचा तोटा झाला. कागद चेहरा पाहत नसे, तसा चेहऱ्यामागचा डोंगरही पाहत नसे. बराच काळ उत्तरें इंग्रजींत लिहावीं लागत. ज्याच्या गांवांत इंग्रजी शाळाच नाहीं, त्याची बुद्धि तेथें मोजली जाणार कशी? पुण्यांत माधुकरी मागून शिकणारे पुष्कळ होते. पण माधुकरीनें पोट भरे, बुडालेलीं शाळेचीं वर्षें भरून निघत नसत.

आतां खुद्द भोरांत महाविद्यालय आहे, आणि २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. अर्जांत दहावीचे गुण असतात, जातीचा दाखला जोडतां येतो. पावसाळ्यांत ओढा भरल्यामुळें शाळा किती दिवस चुकली, हें लिहिण्यास त्या अर्जांत रकाना नाहीं.