टेलर व्याख्याने (येल विद्यापीठ, १९१७)
अमेरिकन बाप्टिस्ट पाळक व चर्च-इतिहासाचे प्राध्यापक वॉल्टर राउशेनबुश (१८६१–१९१८) यांनी एप्रिल १९१७ मध्ये येल विद्यापीठाच्या धर्मशिक्षण विभागात दिलेली चार व्याख्याने. त्यांचाच विस्तार करून ‘ए थिऑलॉजी फॉर द सोशल गॉस्पेल’ हा १९ प्रकरणांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

न्यू यॉर्कमधील ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीलगतच्या जर्मन मंडळीत राउशेनबुश १८८६ पासून अकरा वर्षे पाळक होते. तेथील दारिद्र्य पाहिल्यावर केवळ व्यक्तीच्या तारणावर थांबणारी शिकवण त्यांना अपुरी वाटू लागली. पाप अंतःकरणापुरते नसते. ते संस्था, रूढी व नफ्याच्या व्यवहारांत मुरते आणि पुढच्या पिढीला वारशाने मिळते, असे ते म्हणतात. या साखळीला त्यांनी ‘दुष्टतेचे राज्य’ म्हटले. धर्मांधता, राजकीय भ्रष्टाचार, न्यायाची विटंबना, झुंडशाही, लष्करशाही व वर्गीय तुच्छता या सहा सार्वजनिक पापांनी येशूचा वध घडवला, हे विवेचन ग्रंथातील सर्वांत धारदार होय. अमेरिका त्याच महिन्यात महायुद्धात उतरली होती. अशा वेळी जर्मन वंशाच्या लेखकाने लष्करशाहीला या यादीत बसवणे सोपे नव्हते.

राइनहोल्ड नीबूर यांनी पुढे या विचारसरणीच्या आशावादावर टीका केली : सत्ताधारी वर्ग नैतिक आवाहनाने हक्क सोडत नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांना हा आक्षेप काही अंशी मान्य होता, तरी राउशेनबुश यांच्या १९०७ च्या ग्रंथाचे ऋण त्यांनी उघडपणे नोंदवले आहे.